मागून दोनदा वाजलं

सामान लावून झालं असेल तर बसा जरा. पहाटे निघायचंय म्हणता, मग आता झोप कुणाला येणार आहे? मला तर या वयात तशीही येत नाही. मघापासून तुमची ही गाडी बघतोय. छान आहे. आत शेगडी, बेसिन, दोन पलंग, छताला झरोका. घरात जे धड चालत नाही ते सगळं गाडीत चालतंय. पण भाचेबुवा, मला एक सांगा. चालवणारा पुढे, बाकीचे मागे आणि मधे ही पत्र्याची भिंत. मागचं माणूस चढलं की नाही हे पुढच्याला कळणार कसं?

काय म्हणालात? मागून भिंत वाजवतील?

अगदी हेच म्हणाला होता ठिणगी.

ठिणगी माझ्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं वेल्डिंग करत होता. नाव चांगलं होतं त्याचं, पण धंदाही ठिणग्यांचा आणि डोकंही तसंच, म्हणून आम्ही सगळे त्याला ठिणगीच म्हणायचो. आता जे सांगणार आहे ते त्याने मला स्वतः सांगितलं, चहाचा कप हातात धरून. तो चहा त्याने प्यायला नाही. थापा मारायला थोडी कल्पनाशक्ती लागते, आणि ती देवाने ठिणगीला दिलीच नव्हती. म्हणून मी ऐकून घेतलं.

त्याने एका बेकरीची जुनी डिलिव्हरीची गाडी घेतली होती. भंगारातच निघाली होती ती. दीड वर्ष रविवार बघितला नाही की सण बघितला नाही, ठोकत बसला. पावाचे रॅक काढून पलंग बसवले, पाण्याची टाकी बसवली, बाजूला दार केलं. दाराला आतून अशी जाड सळईची कडी लावली की चोर सोडा, हत्तीला उघडलं नसतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं गाडीचं नाव विंचू ठेवणार होता. बायको म्हणाली, मी काय विंचवाच्या पोटात झोपणार नाही. मग नाव पडलं गोगलगाय.

घरात माणसं तीन. ठिणगी, दातांच्या दवाखान्यात कामाला असलेली त्याची बायको आणि सहा वर्षांची पोरगी, तिला चिमणी म्हणायचे. पुढच्या केबिनमध्ये खरं तर एकच सीट धड होती. म्हणून मायलेकी मागे. मधल्या पत्र्यात खिडकी कापायची राहिली होती. गावाला खिडक्या कापून देणारा माणूस, स्वतःच्या गाडीत दिव्याखाली अंधार! इंजिनच्या आवाजात मागचं बोलणं पुढे यायचं नाही. पुढून हा ओरडला तर मागे जायचं, कारण याचा गळा तसा होता. तेव्हा त्यांनी खूण ठरवली. मागून पत्र्यावर दोनदा वाजवलं की चल, किंवा हो. एकदा वाजवलं की थांब, किंवा नाही. संपलं. आमच्या घरात एवढ्यावर संसार झाला असता तर मी आज दहा वर्षांनी लहान दिसलो असतो.

पहिल्या सहलीला निघाले ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, चार दिवसांची सुट्टी काढून. त्या चार दिवसांबद्दल तो बोलायला लागला की थांबायचा नाही. तळ्याकाठी गाडी लावली होती. सकाळी दार उघडलं तर पाणी पायरीपासून वीस पावलांवर. चिमणीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः अंडं फोडलं, निम्मं तव्यावर, निम्मं फ्रॉकवर. दुपारी छतावर पाऊस वाजला आणि तिघं एकाच पलंगावर पाय आखडून पत्ते खेळत बसले. बायको हसली म्हणे, खूप हसली. ती फारशी हसणाऱ्यातली नाही. ठिणगी मला म्हणाला, साहेब, दीड वर्षाची मजुरी त्या एका दुपारी वसूल झाली.

तिसरी रात्र, शनिवारची. पहाटे टेकडीवरून सूर्योदय बघायचा म्हणून रात्रीच निघायचं, असं ठिणगीने ठरवलं. बायको म्हणाली, झोपलेल्या पोरीला घेऊन रात्रीचं कशाला, सूर्य काय एकदाच उगवतो का? यावरून थोडी वादावादी झाली. शेवटी निघालेच. वाटेत एकच काम होतं, पाण्याची टाकी भरायची.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ते एका पेट्रोल पंपावर थांबले. मोठ्या रस्त्यापासून बाजूला, आडवाटेचा पंप. दोन मशिन, एक काचेची खोली, मागच्या बाजूला स्वच्छतागृह, रस्त्याकडे तोंड करून एक सिमेंटचा बाक. दिवा एकच होता. रात्रपाळीचा पंपवाला म्हातारा होता. त्याने नळ दाखवला. ठिणगीने टाकीला पाइप लावला. बायको खाली उतरली, स्वच्छतागृहाकडे जाऊन येते म्हणाली. त्याने मान हलवली. चिमणी आत गाढ झोपलेली.

टाकी भरली. त्याने पाइप गुंडाळून ठेवला, झाकण घट्ट केलं, पुढे येऊन बसला आणि वाट बघत थांबला. हे लक्षात ठेवा. तो वाट बघत थांबला होता. निष्काळजी नव्हता.

मग गाडी डावीकडे किंचित कलली. पायरीवर माणसाचा भार पडला की कलते तशी. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. आणि पत्र्यावर...

टण् टण्.

ठिणगीने गाडी काढली.

रस्ता रिकामा होता. दोन्हीकडे शेतं, मधूनच एखादं झाड. चंद्र नव्हता. पाच-सात मिनिटं गेली. मघाच्या वादावादीचं त्याच्या मनात होतंच. त्याने मान मागे करून आवाज दिला,

"चिमणी झोपलीय ना?"

टण् टण्.

"तू अजून रागावलीयस का?"

टण्.

ठिणगीला बरं वाटलं. त्याच्या बायकोचा राग सकाळच्या नाश्त्यापर्यंत टिकायचा, हा त्याचा सात वर्षांचा अनुभव. आज अर्ध्या तासात उतरला. प्रवास मानवला म्हणायचा हिला. तो शीळ घालायला लागला. थोड्या वेळाने परत म्हणाला,

"थंडी वाजतेय का गं?"

टण् टण्.

"मोठी रजई घे, पलंगाखाली आहे. आणि काय गं, पुढच्या वर्षी पण जायचं का असंच?"

टण् टण्.

तो हसला. पण वाजायचं थांबलं नाही. टण् टण्. टण् टण्. टण् टण्. एखादं लहान मूल जत्रेत हट्ट धरतं ना, तसं.

"अगं, हो, हो! जाऊ! पोरगी उठेल!"

थांबलं.

बायको असं कधी करत नसे. हे त्याच्या लक्षात आलं, पण त्याने मनावर घेतलं नाही. आनंदात माणूस करतं काहीतरी. आपणही करतो.

अकरा अठ्ठावन्नला फोन वाजला. अनोळखी नंबर. त्याने उचलला नाही. बायकोचा फोन त्याच्या शेजारीच चार्जिंगला लावलेला होता, तेव्हा घरचं कुणी असायचा प्रश्न नव्हता. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने वैतागून स्पीकर चालू केला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?"

बायकोचा आवाज.

ठिणगीला काही कळेना. तो म्हणाला, "कुठे म्हणजे? गाडी चालवतोय."

"मला सोडून? मी स्वच्छतागृहातून बाहेर आले तर तुमचे मागचे दिवे वळणावर गेलेले! ओरडले, धावले मागे. पंपवाल्या बाबांचा फोन मागितला. आधी तो चार्ज करावा लागला. तुमचा एक नंबर पाठ होता म्हणून बरं... अहो? ऐकताय ना?"

ठिणगी ऐकत होता.

"तू... मागे नाहीयेस?"

"मी पंपावर आहे!"

त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघाला. गाडी आपोआप हळू झाली. बायको पुढे विचारत होती, आवाज चढलेला,

"चिमणी कुठे आहे? मागे आहे ना? एकटीच आहे ती मागे?"

टण्.

एकदाच.

मग बायको हळूच म्हणाली, "अहो... हे कुणी वाजवलं?"

त्याने ब्रेक दाबला. खाली उडी मारली. धावत बाजूच्या दाराशी गेला, मूठ धरून ओढली. आतून कडी. त्याच्याच हातची कडी. खांद्याने धडक मारली. दार हललंसुद्धा नाही. पहार मागे, हातोडा मागे, सगळी हत्यारं मागे, पलंगाखाली.

"चिमणे! चिमणे, दार उघड!"

काही नाही.

त्याने पत्र्याला कान लावला.

आत... आवाज होता. मऊ. एका लयीत.

कुणीतरी थोपटत होतं.

पोरांनो, आपल्या मुलीला कुणी थोपटतंय हा आवाज ऐकून कुठल्या बापाला बरं वाटणार नाही? ठिणगी त्या पत्र्याला चिकटून उभा होता आणि दाराच्या फटीत नखं खुपसत होता. त्याने परत हाक मारली. थोपटणं थांबलं. तोही थांबला. श्वास धरून. मग... परत सुरू झालं. आधीपेक्षा हळू.

आजूबाजूला घर नाही, दिवा नाही. पहार हवी तर पंपावर. माणूस हवं तर पंपावर. बायको पंपावर. वीस किलोमीटर मागे. म्हणजे पोरगी आत, आणि ते आत, आणि याने पुढे बसून गाडी चालवायची. दुसरा इलाज नव्हता. तो गाडीत चढला आणि त्या अरुंद रस्त्यावर त्याने गाडी वळवली, तीन-चार झटक्यांत, चाक खड्ड्यात जाता जाता वाचलं. मागे भांडी धडाधड पडली. डबे, तवा, सगळं.

तोंड पंपाकडे झालं. आणि...

टण्.

टण्. टण्. टण्.

एकेक. जोरात. थांब. थांब. थांब. पत्रा त्याच्या पाठीशी थरारत होता. पाठीला बसत होता प्रत्येक घाव. ठिणगी थांबला नाही. स्टीअरिंग आवळून धरलं. घाम डोळ्यांत जात होता. फोन चालूच होता, बायकोने सगळं ऐकलं होतं. ती रडत नव्हती, हे त्याला नंतर आठवलं. ती कुणाशी तरी बोलत होती. मग फोनवर पंपवाला आला.

"दादा, गाडी थांबवू नका. माझं ऐका. ती परत इकडे यायचं नाही म्हणते."

"कोण ती? कोण आहे बाबा?"

"पंचवीस वर्षं झाली. अशीच एक गाडी आली होती. घरासारखी. पाच-सहा माणसं, हसत-खेळत. पाणी भरून निघून गेली. आणि त्यांची आई इथे राहिली. पुढच्यांना वाटलं मागे झोपलीय, मागच्यांना वाटलं पुढे बसलीय. तेव्हा कुठले फोन? कडाक्याची थंडी होती. मी म्हटलं, आत या, बसा. नाही आली. म्हणाली, येतीलच आता, मी बाहेर दिसायला हवी. त्या बाकावर बसून राहिली."

"मग?"

"सकाळी आले ते. तेव्हाही ती बाकावरच बसली होती. रस्त्याकडे बघत."

पंपवाल्याचा आवाज खाली आला.

"तिला वाटतंय तुम्ही तिला परत सोडायला आणताय, दादा."

टण्. टण्. टण्.

ठिणगी आयुष्यात कुणाची मनधरणी करणारा माणूस नव्हता. माझ्याशी पगारावरून भांडायचा तेसुद्धा ओरडून. त्या रात्री त्याने ओरडायला तोंड उघडलं आणि विनवणीच बाहेर पडली.

"आई," तो म्हणाला. का म्हणाला, त्यालाही माहीत नाही. "आई, मी तुम्हाला सोडायला नाही चाललो. माझी बायको राहिलीय तिथे. या पोरीची आई. तिला न्यायला चाललोय. ती एकटी आहे. रस्त्यावर उभी आहे. मी चुकून तिला... मागे सोडून आलो."

वाजायचं थांबलं.

इंजिनचा आवाज. टायरचा आवाज. बाकी काही नाही.

एक किलोमीटर गेला. दुसरा गेला. ठिणगी मला म्हणाला, साहेब, त्या ठोक्यांची मला जेवढी भीती वाटली नाही, तेवढी त्या शांततेची वाटली. मागे काय चाललंय? पोरगी श्वास घेतेय ना? तिला धरून तर... तो पुढचा विचार करत नव्हता. करता येत नव्हता.

आणि मग, अगदी हळू...

टण् टण्.

चल.

त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने गाडी पळवली. ती गोगलगाय त्या रात्री जितकी पळाली तितकी पुन्हा कधी पळाली नाही.

साडेबाराच्या सुमारास पंपाचा दिवा दिसला. बायको रस्त्याच्या मधोमध उभी होती, हातात पहार घेऊन. गाडी थांबायच्या आत ती दाराशी पोचली. ठिणगी उतरला, पंपवाला बॅटरी घेऊन आला. ठिणगीने पहार घेतली, दाराच्या फटीत घातली. बायकोने त्याचा हात धरला.

"थांबा," म्हणाली. मग पत्र्यावर हात ठेवून तिने हाक मारली. "चिमणे. बाळा, मी आलेय. आई."

आतून कडी सरकली.

सावकाश. ती जाड सळई पूर्ण मागे गेली, तिचा शेवटचा खट् असा आवाज झाला. बायकोच्या जिवात जीव आला. उठली गं माझी बाई, म्हणत तिने दार ओढलं.

पंपवाल्याने बॅटरी आत मारली. जमिनीवर सगळा पसारा, तवा, डबे, फुटलेली अंडी. दाराशी कुणी नव्हतं. आत दुसरं कुणी नव्हतं. लपायला जागा तरी कुठे होती? आठ फुटांची गाडी ती.

चिमणी पलंगावर होती. झोपलेली. शांत श्वास चाललेला, गाल गरम, तोंड किंचित उघडं. आईने झडप घालून तिला उचलायला हात घातला, आणि पोरगी उचलली जाईना.

ती बांधलेली होती.

लोकरीच्या एका लांब शालीने. हाताने विणलेली, जुनी, रंग विटलेली. पोटावरून घेऊन पलंगाच्या फळीला गुंडाळलेली. घट्ट नाही. गाडी वळली, भांडी पडली, तरी पोरगी पडू नये, बरोबर एवढीच. अशी शाल त्यांच्या घरात नव्हती. गाडीत नव्हती. बायकोने पंपवाल्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने शाल पाहिली आणि बॅटरी खाली केली. काचेच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

चिमणीने झोपेतच आईच्या गळ्यात हात टाकला. पुटपुटली, "आता पुरे, आई. हात दुखेल तुझा."

मग मला सांगा, कडी कुणी काढली? बांधलेल्या पोरीने?

असू दे. त्याचं उत्तर मी मागत नाही. मी ठिणगीला एकच विचारलं होतं, तुम्ही ती शाल सोडवली कशी? त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, साहेब, तेच तर. गाठ सापडेना. बायको पुढून चाचपडतेय, मी खालून चाचपडतोय. गाठ भिंतीच्या बाजूला होती. पलंग मी स्वतः भिंतीला जोडून वेल्ड केलाय, मधे बोट जात नाही. पलंगाबाहेर उभं राहून तिथे हात पोचतच नाही. शेवटी बायको पलंगावर चढली, पोरीच्या पलीकडे आत सरकली आणि तिला कुशीत घेऊन आडवी झाली.

तेव्हा कुठे तिचा हात त्या गाठीवर पडला.